कर्नाटक पोलिसांची ऑनलाइन एफआयआर सेवा आणि गुन्ह्यांचे आकडे: बेळगाव सीमाभागातून केलेलं परीक्षण

निकाल आधी. एखाद्या ठराविक गुन्ह्याची एफआयआर हवी असेल आणि तिचा क्रमांक हाताशी असेल, तर कर्नाटक राज्य पोलिसांची ऑनलाइन सेवा भरवशाची आहे. पण निपाणीत घरफोड्या वाढल्या की घटल्या, खानापूर तालुक्यात मोटारपंपाच्या चोरीचे किती गुन्हे दाखल झाले, असा प्रश्न घेऊन कोणी तिथे गेलं तर हीच सेवा त्याला आधी बंगळूरच्या आणि मग दिल्लीच्या कागदांकडे पाठवते. शेवटी जो आकडा मिळतो तो जुना असतो आणि तालुक्याचा नसतो. सीमाभागातल्या माणसाला आणखी एक घोर आहे. घरात प्रकरण बंद झाल्याचा एक कागद निपाणीचा कन्नडमधला आणि दुसरा कागलचा मराठीतला. दोन्हींवर ‘बी’ हे अक्षर, पण दोन्हीकडे त्याचा अर्थ वेगळा.

आधी एफआयआर शोधायच्या सोयीबद्दल. इथे चार गोष्टी भराव्या लागतात: जिल्हा, ठाणं, क्रमांक आणि वर्ष. बहुतेकांची गाडी पहिल्याच रकान्यात अडते, कारण ‘बेळगाव’ नावाची दोन पोलीस युनिटं आहेत. २०१४ साली बेळगावला पोलीस आयुक्तालय झालं, तेव्हापासून शहर वेगळं आणि जिल्हा वेगळा. मार्केट, खडेबाजार, कॅम्प, टिळकवाडी, शहापूर, माळमारुती, एपीएमसी, उद्यमबाग ही ठाणी ‘बेळगाव शहर’ या नावाखाली सापडतील, हे सहज लक्षात येतं. बेळगाव ग्रामीण, काकती, हिरेबागेवाडी आणि मारिहाळ हीसुद्धा आयुक्तालयातच येतात, हे मात्र लक्षात येत नाही. काकतीच्या हद्दीतल्या गावचा माणूस स्वतःला तालुक्यातला समजतो, जिल्ह्याच्या यादीत ठाणं शोधतो आणि ‘सापडत नाही’ म्हणून सोडून देतो. खानापूर, नंदगड, निपाणी, संकेश्वर, हुक्केरी, यमकनमर्डी, चिकोडी, सदलगा, अथणी, कागवाड, रायबाग, गोकाक ही ठाणी एसपींच्या, म्हणजे ‘बेळगाव जिल्हा’ या युनिटाखाली. कारवार, हल्याळ, जोयडा उत्तर कन्नडमध्ये. भालकी, औराद, बसवकल्याण बिदरमध्ये. रेल्वेच्या हद्दीतला गुन्हा या कुठल्याच युनिटात मिळत नाही. बेळगाव, खानापूर, लोंढा, घटप्रभा अशा स्थानकांवर किंवा गाडीत चोरी झाली, तर ती रेल्वे पोलिसांच्या वेगळ्या युनिटाखाली नोंदते. सायबर फसवणूक, आर्थिक गुन्हे आणि अमली पदार्थांसाठी सीईएन ठाणं आहे. त्यामुळे सायबरची तक्रार गावच्या ठाण्यात सांगितलेली असली तरी एफआयआर सीईएनच्या नावावर असू शकते.

क्रमांक चुकला, वर्ष चुकलं की पान कोरं येतं आणि का कोरं आलं ते सांगत नाही. हा मोठा दोष आहे. कारण कोरं पान येण्याची तीन अगदी वेगळी कारणं असतात: युनिट चुकलं, कागद अजून चढवलेला नाही, किंवा तो मुद्दाम चढवलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने ७ सप्टेंबर २०१६ च्या निकालात एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकायला सांगितलं. संपर्काची अडचण असलेल्या भागात ही मुदत ७२ तासांपर्यंत वाढू शकते. लैंगिक गुन्हे, पोक्सो, दहशतवाद अशा संवेदनशील प्रकरणांना यातून सूट आहे. पण ती सूट ठाण्यातल्या कोणीही द्यायची नाही; डीवायएसपी किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यानेच तो निर्णय घ्यायचा आहे. ‘संवेदनशील म्हणून चढवली नाही’ असं उत्तर मिळालं आणि ते पटलं नाही, तर आरोपी किंवा प्रकरणाशी संबंधित व्यक्ती जिल्ह्यात एसपींकडे आणि शहरात आयुक्तांकडे अर्ज करू शकते. तीन अधिकाऱ्यांच्या समितीने तो तीन दिवसांत निकाली काढायचा असतो. फिर्यादीला यातलं काहीच करावं लागत नाही. त्याला एफआयआरची प्रत ठाण्यातच फुकट मिळाली पाहिजे, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे तो त्याचा हक्क आहे.

या बाबतीत महाराष्ट्र पोलिसांची नागरिक सेवा सरस आहे, हे मान्य करावंच लागेल. तिथे क्रमांक माहीत नसला तरी चालतो. कोल्हापूर जिल्हा निवडा, कागल किंवा चंदगड ठाणं निवडा, तारखेचा पल्ला द्या. त्या दिवसांत प्रसिद्ध झालेल्या सगळ्या एफआयआरची यादी समोर येते. कर्नाटकच्या सेवेत हा तारखेचा गाळणीचा रकानाच नाही. एखाद्या ठाण्यात वर्षभरात काय काय नोंदलं ते पाहायचं तर १, २, ३ असे क्रमांक एकामागून एक भरत बसावं लागतं. वेळखाऊ आहे, पण होतं. असं करताना मधले कोरे क्रमांक वेगळे लिहून ठेवावेत. त्यातले काही संवेदनशील असतील. पण कोरे क्रमांक फार निघाले तर ठाण्यात विचारण्यासारखं आहे.

कागद कन्नडमध्ये असतो. मराठी माणसाने त्याला बिचकू नये. नमुना देशभर जवळपास एकच असल्याने कोल्हापूरकडची एक मराठी एफआयआर शेजारी ठेवली तर रकाने जुळवता येतात. शब्दही वाटतात तितके परके नाहीत. पिर्यादी म्हणजे आपला फिर्यादी, पंचनामे म्हणजे पंचनामा, गुन्ने नंबर म्हणजे गुन्हा नंबर. कोले म्हणजे खून, कोले यत्न म्हणजे खुनाचा प्रयत्न, कळ्ळतन म्हणजे चोरी, सुलिगे म्हणजे जबरी चोरी, दरोडे म्हणजे दरोडा, कन्न कळवु म्हणजे घरफोडी. काणे किंवा काणेयादवरु दिसलं की बेपत्ता. दोषारोपणा पट्टी म्हणजे आरोपपत्र. पाहायच्या तारखा तीन: गुन्हा घडला ती, ठाण्यात कळवलं ती, आणि न्यायालयाकडे कागद गेला ती. आकडेवारीत धरली जाते ती नोंदीची तारीख. डिसेंबरच्या अखेरीस बंद घर फुटलं आणि घरमालकाने जानेवारीत परतल्यावर फिर्याद दिली, तर ती घरफोडी नव्या वर्षात मोजली जाते.

फिर्याद मात्र मराठीत देता येते का? आपली तक्रार केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम ३५० ने दिला आहे. व्यवहारातली चांगली पद्धत अशी: मजकूर स्वतःच्या हाताने मराठीत लिहावा, खाली तारीख आणि वेळ टाकून सही करावी, एक प्रत पोच घेऊन स्वतःकडे ठेवावी. एफआयआरचा कन्नड मजकूर त्यावरून तयार होतो. तोंडी सांगितलेली फिर्याद लिहून काढल्यावर ती वाचून दाखवायची सक्ती कायद्यातच आहे. म्हणून सही करण्याआधी ‘काय लिहिलंय ते वाचून सांगा’ असं म्हणण्यात संकोच नको. कलम, मालाची किंमत आणि आरोपी माहीत की अज्ञात, या तीन गोष्टी तरी त्या वेळी तपासाव्यात. पुढचा सगळा आकडा या तीन रकान्यांवर उभा राहतो.

आता आकड्यांकडे वळू. ठाण्याचा स्टेशन रायटर, म्हणजे नोंदी लिहिणारा पोलीस, जेव्हा संगणकात गुन्ह्याचं शीर्षक निवडतो, तेव्हाच त्या गुन्ह्याची जागा ठरते. कर्नाटकात यासाठी ‘पोलीस आयटी’ ही प्रणाली आहे. ती सीसीटीएनएस या गुन्ह्यांच्या नोंदींच्या देशव्यापी जाळ्याला जोडलेली आहे. ठाण्याची माहिती जिल्हा गुन्हे नोंद विभागाकडे जाते, तिथून बंगळूरच्या राज्य गुन्हे नोंद विभागाकडे, आणि तिथून दिल्लीच्या एनसीआरबीकडे, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे. वरच्या तिन्ही पायऱ्यांवर तपासणी होते, शंका विचारल्या जातात, बेरजा जुळवल्या जातात. पण चोरी मुळातच ‘हरवलं’ म्हणून लिहिली गेली असेल, तर वरच्या कुठल्याच पायरीला ते कळण्याची सोय नाही.

म्हणूनच ई-लॉस्ट या सोयीबद्दल सावध राहायला हवं. कागदपत्रं, मोबाइल, लायसन्स खरोखर हरवलं असेल तर ही सेवा उत्तम: घरबसल्या अर्ज, लगेच पोच, नवं सिम किंवा दाखल्याची दुसरी प्रत काढायला ती पुरते. पण ती पोच एफआयआर नाही. तिचा तपास होत नाही आणि गुन्ह्याच्या कुठल्याच तक्त्यात ती मोजली जात नाही. बसस्थानकावर खिशातून मोबाइल मारला गेला आणि ‘ई-लॉस्ट करून टाका, लवकर काम होतं’ असा सल्ला ऐकला, तर सिम लवकर मिळेल हे खरं. पण त्या स्थानकावर चोऱ्या होतात ही गोष्ट कागदावर येणारच नाही. गस्त कुठे वाढवायची हे याच कागदावरून ठरतं. दुचाकीच्या बाबतीत तर ई-लॉस्ट निरुपयोगी आहे. विमा कंपनीला एफआयआर लागते आणि पुढे गाडी सापडली नसल्याचा पोलिसांचा अंतिम अहवालही लागतो.

१ जुलै २०२४ पासून नवे कायदे आले आणि चोरीच्या आकड्यात एक असा बदल झाला, ज्याकडे फार कमी जणांचं लक्ष आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खालची चोरी ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीची असेल, तर ती आता अदखलपात्र आहे. म्हणजे एफआयआर नाही. कर्नाटकात तिला एनसीआर, म्हणजे अदखलपात्र नोंदीचा, क्रमांक पडतो, आणि मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय तपास होत नाही. आपल्या भागात याचा थेट फटका शेताला बसतो. विहिरीवरची वीस-पंचवीस मीटर केबल, स्टार्टरमधली तांब्याची तार, ठिबकची नळी, फूटव्हॉल्व्ह: एकेकट्या शेतकऱ्याचं नुकसान बरेचदा पाच हजारांच्या आत बसतं. पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ३७९ खाली हीच चोरी दखलपात्र होती. त्यामुळे २०२३ आणि २०२५ चे चोरीचे आकडे शेजारी ठेवून ‘चोऱ्या घटल्या’ म्हणणं चूक ठरेल. काही चोऱ्या नुसत्या एका रजिस्टरातून दुसऱ्या रजिस्टरात गेल्या आहेत. फिर्याद देताना मालाची किंमत अंदाजाने सांगू नये. केबलचं बिल, पंपाचं बिल जोडावं. आणि माल घरातून किंवा गाडीतून गेला असेल तर कलम ३०५ लागतं. ते दखलपात्र आहे, रक्कम कितीही असो. किमतीवरून परत पाठवलं गेलं तर हे कलम आवर्जून विचारावं.

आकड्यांमधली दुसरी मोठी गाठ म्हणजे मुख्य गुन्ह्याचा नियम. एका एफआयआरमध्ये पाच कलमं असली तरी एनसीआरबीच्या तक्त्यात ती एकाच ठिकाणी, सर्वांत गंभीर कलमाखाली मोजली जाते. घरात शिरून, दागिने लुटून, खून केला असेल तर तो खून. घरफोडीच्या रकान्यात त्याची नोंद नाही. बलात्कार करून खून केला असेल, तर मुख्य गुन्हा खूनच. नियमाला कारण आहे, नाहीतर एकच घटना पाच वेळा मोजली जाईल. पण त्यामुळे हलक्या कलमांचे आकडे नेहमी थोडे कमी दिसतात, हे वाचणाऱ्याने धरून चालावं.

मोजमाप एफआयआरचं असतं, माणसांचं नाही, घटनांचंही नेहमी नाही. एखाद्या पतसंस्थेत शेकडो ठेवीदारांचे पैसे बुडाले आणि सगळ्यांची मिळून एक फिर्याद झाली, तर फसवणुकीच्या तक्त्यात वाढ होते एकाची. एका रात्रीत बाजारपेठेतली सहा शटरं उचकटली; सहा मालकांनी सहा फिर्यादी दिल्या तर घरफोड्या सहा, एकाच फिर्यादीत सगळी दुकानं लिहिली तर घरफोडी एक. आंदोलनात पन्नास जणांवर गुन्हा दाखल झाला तरी प्रकरण एकच, आणि ते दंगलीच्या रकान्यात जातं. त्या रकान्याला ‘आंदोलन, मोर्चा’ असं पोटशीर्षक आहे, पण ते एनसीआरबीच्या सविस्तर तक्त्यातच दिसतं. नुसता ‘दंगली’चा आकडा वाचून गावाबद्दल मत बनवणं म्हणूनच अन्यायाचं आहे.

ठाण्याचा क्रमांक आणि गुन्ह्यांची संख्या यांची गल्लत तर वर्तमानपत्रंही करतात. ‘या ठाण्यात वर्षात तीनशे गुन्हे’ असं छापून येतं, कारण शेवटची एफआयआर ३०० क्रमांकाची असते. पण कर्नाटकात त्या एकाच साखळीत खून-चोरीबरोबर रस्त्यावरचे अपघात येतात, कर्नाटक पोलीस कायद्याच्या कलम ७८ खालचा मटका येतो, कलम ८७ खालचा जुगार येतो, अबकारी कायद्याखालची दारू येते आणि बेपत्ता माणसंही येतात. मटक्याच्या केसेस हे मुख्यतः पोलिसांनी किती धाडी घातल्या याचं माप आहे. धाडींची मोहीम निघाली की आकडा फुगतो, मोहीम थांबली की उतरतो. मटका तेवढाच राहतो. दारूचं आणखी निराळं. चोर्ला घाटातून येणारी गोव्याची दारू पोलिसांनी पकडली तर पोलिसांच्या खात्यात, अबकारी खात्याने पकडली तर त्यांच्या खात्यात. भीमगडच्या जंगलातली शिकार वनखात्याकडे. हे सगळं पोलिसांच्या तक्त्यात शोधत बसू नये.

बेपत्ता व्यक्तींच्या बाबतीत सीमेच्या दोन बाजूंची तुलना करूच नये. कर्नाटकात प्रौढ व्यक्ती बेपत्ता झाली तरी एफआयआर क्रमांक पडतो. महाराष्ट्रात ती मिसिंगच्या वेगळ्या नोंदवहीत जाते. त्यामुळे निपाणीच्या एफआयआर कागलपेक्षा जास्त दिसण्यामागे हेही एक कारण असतं. अठरा वर्षांखालचं मूल असेल तर दोन्हीकडे अपहरणाचाच गुन्हा धरला जातो. सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०१३ च्या आदेशापासून हा शिरस्ता आहे, आणि त्यानंतर अपहरणाचे आकडे देशभर चढले. ती चढण मुख्यत्वे नोंदीची आहे. घर सोडून गेलेली सतरा वर्षांची मुलगी आणि खंडणीसाठी पळवलेलं मूल एकाच मोठ्या रकान्यात बसतात. पोटशीर्षक पाहिल्याशिवाय ‘अपहरण’ हा शब्द वापरू नये.

आता अक्षरांचा घोळ. तपास संपल्यावर आरोपपत्र न देता प्रकरण बंद झालं तर महाराष्ट्रात ए, बी, सी अशा समरी असतात. ए म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी सापडला नाही. बी म्हणजे फिर्याद द्वेषाने केलेली खोटी. सी म्हणजे खरीही नाही, खोटीही नाही. गैरसमज किंवा दिवाणी वाद. कर्नाटकात गुन्हा खरा पण उलगडला नाही तर तो सी रिपोर्ट. आणि बी रिपोर्टमध्ये खोटी फिर्याद, गैरसमज, दिवाणी स्वरूप, गुन्हा सिद्ध होण्याइतकं काही न मिळणं, हे सगळं एकत्र येतं. म्हणजे महाराष्ट्राची ए समरी ती कर्नाटकाचा सी रिपोर्ट. दुचाकी चोरीच्या विम्यासाठी कागलच्या ठाण्यात मागायचा कागद एक आणि निपाणीत मागायचा दुसरा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कर्नाटकात बी रिपोर्ट आला म्हणून फिर्यादी खोटारडा ठरत नाही. नातेवाईक कोल्हापूरकडचे असले की ते तसाच अर्थ काढतात आणि बाई माणसाची फिर्याद असेल तर गावात नाहक बोभाटा होतो. बी रिपोर्ट न्यायालयात गेल्यावर फिर्यादीला नोटीस येते, आणि तिला किंवा त्याला मॅजिस्ट्रेटसमोर हरकत घेता येते. नोटिशीची तारीख चुकवू नये.

कोगनोळीजवळ हायवेवर अपघात झाला आणि जखमीला कोल्हापूरच्या रुग्णालयात नेलं, अशी प्रकरणं नेहमीची. मृत्यू तिकडे झाला तर नोंद तिकडे सुरू होते आणि कागद निपाणीकडे येतात. झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात देता येते, हद्दीच्या नावाखाली माणसाला परत पाठवता येत नाही. तिला नियमित क्रमांक मिळतो तो मात्र हद्दीच्या ठाण्यात गेल्यावर, आणि मोजायचा तोच. कागद दोन ठाण्यांच्या मध्ये अडकला तर गुन्हा कुठेच मोजला जात नाही. म्हणून झिरो एफआयआर दिल्यावर आठवडाभरात हद्दीच्या ठाण्यातून नवा क्रमांक मागून घ्यावा. अशाच प्रकारे मारहाणीतला जखमी पंधरवड्याने दगावला, तर कलम वाढवून खुनाचं लावतात. ठाण्याने संगणकातलं शीर्षकही तेव्हाच बदललं पाहिजे. राहून गेलं तर तक्त्यात ती मारहाणच राहते.

राज्य पोलीस दरमहा गुन्हे आढावा प्रसिद्ध करतात, आणि ही या सगळ्यातली सर्वांत चांगली गोष्ट आहे. चालू महिना, मागचा महिना, गेल्या वर्षीचा तोच महिना आणि वर्षारंभापासूनची बेरीज असे रकाने असतात. खुनाखाली कारणं दिलेली असतात: लाभासाठी, मालमत्तेच्या वादातून, वैमनस्यातून वगैरे. घरफोडी दिवसाची वेगळी, रात्रीची वेगळी. वाचताना मागच्या महिन्याशी तुलना टाळावी. ऊसतोडीच्या हंगामातली वाहतूक, मे महिन्यात बंद असलेली घरं, यात्रांची गर्दी याने महिने आपोआप वेगळे पडतात. गेल्या वर्षीचा तोच महिना पाहावा. उणीव एकच, पण मोठी. आढावा अख्ख्या राज्याचा असतो, बेळगावचं त्यात वेगळं काही दिसत नाही.

जिल्ह्याचा आकडा मिळतो तो एनसीआरबीच्या वार्षिक अहवालाच्या पुरवणी तक्त्यांत. हा अहवाल १९५३ सालापासून निघतो, त्यामुळे दीर्घकाळाचा कल पाहायला त्याच्याइतकं दुसरं साधन नाही. उशीर मात्र असह्य आहे. २०२२ चा अहवाल डिसेंबर २०२३ मध्ये आला, २०२३ चा सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस. त्यात बेळगाव शहर आणि बेळगाव जिल्हा अशा दोन ओळी असतात. आयुक्तालय होण्याआधी एकच ओळ होती, तीही ‘बेळगाम’ या जुन्या इंग्रजी नावाने. २०१३ ची २०१५ शी तुलना करायची तर दोन्ही ओळींची बेरीज करावी. नाहीतर जिल्ह्यातले गुन्हे एकदम घटल्यासारखं भासतं.

दर लाखामागचा दर काढायचा मोह आवरावा, निदान शहरापुरता तरी. २०११ च्या जनगणनेत बेळगाव महापालिकेची लोकसंख्या ४.८८ लाख, जिल्ह्याची ४७.७९ लाख. पण आयुक्तालयाच्या हद्दीत महापालिकेबाहेरची कितीतरी गावं आहेत. समजा चोरीचे ३०० गुन्हे आहेत, ४.८८ लाखाने भागलं तर दर ६१ येतो, आणि हद्दीत सात लाख माणसं धरली तर ४३. गुन्हा एकही बदललेला नाही. त्यात २०११ नंतर जनगणनाच झालेली नाही. छोट्या ठाण्यांत तर टक्केवारीच नको. खून दोनाचे चार झाले की ‘दुप्पट वाढ’ असा मथळा होतो. तिथे पाच वर्षांची सरासरी पाहावी.

सायबर गुन्ह्यांच्या आकड्यात कर्नाटक पुढे आहे: राज्यात २०२२ मध्ये १२,५५६ गुन्हे नोंदले, २०२३ मध्ये २१,८८९. देशाचा आकडा याच काळात ६५,८९३ वरून ८६,४२० वर गेला. यात खरी वाढ आहेच, पण सीईएनसारखी वेगळी ठाणी असलेलं राज्य जास्त नोंदवतं, हेही आहे. गुन्हा वाढणं वेगळं आणि गुन्ह्याची नोंद वाढणं वेगळं, हे एनसीआरबी स्वतःच्या अहवालात स्पष्ट लिहितं. १९३० या सायबर मदतवाहिनीवर फोन केला किंवा सायबर पोर्टलवर तक्रार भरली तर मिळते ती पोच. एफआयआर वेगळी मागावी लागते. पैसे गोठवायला मात्र आधी फोनच करावा, तोही पहिल्या तासात.

आरोपपत्राचा दर आणि शिक्षेचा दर हे आकडे अहवालात ठळक असतात. आरोपपत्राचा दर म्हणजे दाखल गुन्ह्यांपैकी किती, असं नसतं; पोलिसांनी त्या वर्षी निकाली काढलेल्यांपैकी किती, असा तो असतो. तपास रखडलेली प्रकरणं भाजकात येतच नाहीत. शिक्षेचा दरही त्या वर्षी खटला संपलेल्यांपैकीच. दोन्ही दरांशेजारी प्रलंबित प्रकरणांचा आकडा वाचल्याशिवाय त्यांना अर्थ नाही.

ठाणेनिहाय आकडा हवा असेल तर माहिती अधिकाराशिवाय आज मार्ग नाही. शहरासाठी पोलीस आयुक्त कार्यालयाच्या, बाकी जिल्ह्यासाठी एसपी कार्यालयाच्या माहिती अधिकाऱ्याला अर्ज करावा. शुल्क १० रुपये, पोस्टल ऑर्डर चालते, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्राप्रमाणेच कर्नाटकच्या नियमांतही दोन अटी आहेत: एका अर्जात एकच विषय, आणि मजकूर साधारण १५० शब्दांच्या आत. मराठीतला अर्ज परत येऊ शकतो. पण माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६ प्रमाणे इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा चालते, तेव्हा कन्नड जमत नसेल तर देवनागरीत, हिंदीत लिहून द्यावा. ‘गुन्ह्यांची माहिती द्या’ असं मोघम लिहू नये. ठाण्याचं नाव, १ जानेवारी ते ३१ डिसेंबर अशी वर्षं, आणि हवी ती शीर्षकं लिहावीत: रात्रीची घरफोडी, दिवसाची घरफोडी, चोरी, वाहनचोरी, आणि २०२४ पासून पुढच्या वर्षांसाठी ५,००० रुपयांखालच्या चोरीचे एनसीआर वेगळे. प्रत्येक शीर्षकापुढे दाखल, आरोपपत्र, बी रिपोर्ट, सी रिपोर्ट, तपासावर असे पाच रकाने मागावेत. कोरा तक्ता आखून अर्जाला जोडला तर उत्तर त्याच साच्यात येण्याची शक्यता वाढते, आणि पुढच्या वर्षी त्याच तक्त्याची नवी प्रत जोडून अर्ज करता येतो.